नाईक यशवंत घाडगे कोणासाठी लढले? धैर्य आणि कर्तव्य यांविषयी थोडं



मागच्या दोन व्याख्यानांत आपण 'कर्तव्य' या शब्दाभोवती बरंच फिरलो. कांट काय म्हणतो ते पाहिलं, स्वधर्म या कल्पनेचे अर्थ पाहिले. व्याख्यान संपल्यावर काही जणांनी तक्रार केली की, 'सर, हे सगळं हवेत चाललंय. एखादा माणूस घ्या, एखादा प्रसंग घ्या आणि त्यावर बोला.' तक्रार रास्त आहे. म्हणून आज आपण एक माणूस घेऊ. बावीस वर्षांचा, पायदळातला, मराठी बोलणारा. घरापासून हजारो मैल दूर इटलीतल्या एका डोंगरावर तो मेला. त्याचं नाव नाईक यशवंत घाडगे.

हा माणूस निवडण्यामागे आमचं एक जुनं देणं आहे, ते आधी सांगून टाकतो. खूप वर्षांपूर्वी आम्ही वर्गात ॲरिस्टॉटलचं नीतिशास्त्र शिकवत होतो. धैर्यावरचं प्रकरण चाललं होतं. मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उठला. एरवी तो कधी बोलायचा नाही. म्हणाला, 'सर, आमचे आजोबा इंग्रजांच्या पलटणीत होते. लढाईत गेले. गावात कोणी त्यांना शूर म्हणतं, कोणी इंग्रजांचा नोकर म्हणतं. खरं काय समजायचं?' आम्ही तेव्हा काय केलं? घड्याळाकडे पाहिलं, 'हा इतिहासाचा प्रश्न आहे' म्हणालो आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळलो. तो खाली बसला. प्रश्न इतिहासाचा नव्हता, तत्त्वज्ञानाचाच होता, आणि उत्तर देणं आमचं काम होतं. ते राहून गेलं. आज जमेल तेवढं देऊ.

बावीस वर्षं

यशवंत घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ चा. गाव पळसगाव, तालुका माणगाव, तेव्हाचा कुलाबा आणि आताचा रायगड जिल्हा. बावीस वर्षांचा पोरगा म्हणजे आमच्या नातवाच्या वयाचा. 'तो' म्हटलं तरी चाललं असतं. पण नाईक म्हणजे सेक्शनचा प्रमुख, आठ-दहा माणसांच्या जिवाची जबाबदारी असलेला. म्हणून आपण इथून पुढे 'ते'च म्हणू.

माणगाव–महाड हा पट्टा कसा आहे, ते कोकणात गेलेल्यांना सांगायला नको. पाऊस मुसळधार, जमीन डोंगरउताराची, तुकड्या-तुकड्यांची. भाताचं एक पीक आलं की शेताचं काम संपलं. मग घरातल्या तरण्या माणसाने करायचं काय? दोन वाटा होत्या. एक मुंबईला गिरणीत, दुसरी पलटणीत. दोन्हीकडून घरी यायची ती मनीऑर्डर. सैन्यात भरती होण्यामागे शौर्याची परंपरा होती, मान होता, हे खरंच आहे. पण पगार, दोन वेळचं जेवण आणि पुढे पेन्शन हेही तितकंच खरं आहे. एक सांगताना दुसरं लपवायचं कारण नाही. शेतकऱ्याच्या मुलाने पगारासाठी भरती होणं यात कमीपणा कसला?

आणि हा पट्टा काही झोपलेला नव्हता, बरं का. २० मार्च १९२७ ला शेजारच्या महाडला डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचा सत्याग्रह केला. तेव्हा यशवंत पाच वर्षांचे होते. त्या चळवळीत पेन्शनर सैनिक होते. महार समाजाची सैन्यभरती ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद केली होती, ती पुन्हा सुरू व्हावी ही जुनी मागणी होती. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. पलटणीत जाणं म्हणजे गुलामी पत्करणं, असं सरसकट समीकरण मांडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. काहींना याच देशात माणूस म्हणून उभं राहण्याची ती एक वाट वाटत होती.

यशवंत घाडगे गेले मराठा लाइट इन्फंट्रीत. त्या वेळी तिचं नाव 'पाचवी मराठा लाइट इन्फंट्री'. तिचं केंद्र बेळगावला, आणि तिच्या सर्वांत जुन्या बटालियनचा इतिहास १७६८ पर्यंत मागे जातो. घाडगे तिच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. ही बटालियन इटलीत दहाव्या भारतीय डिव्हिजनमध्ये लढत होती.

१० जुलै १९४४

आता इटलीत काय चाललं होतं ते थोडक्यात पाहू, म्हणजे प्रसंग समजेल. सप्टेंबर १९४३ मध्ये दोस्त सैन्य इटलीच्या मुख्य भूमीवर उतरलं. ४ जून १९४४ ला रोम पडलं. त्यानंतर जर्मन सैन्य उत्तरेकडे हटत होतं, पण पळत नव्हतं. मागे 'गॉथिक लाइन' नावाची पक्की संरक्षणफळी तयार होत होती. तिला वेळ मिळावा म्हणून जर्मन प्रत्येक डोंगर लढवत होते. तुकडी टेकडीवर मशीनगन लावून बसायची, दोन-तीन दिवस वाट अडवायची, मग मागच्या टेकडीवर जायची. अशा लढाईत मोठे रणगाडे, विमानं यांचा उपयोग मर्यादित असतो. टेकडी चढावी लागते ती पायदळालाच. रोमच्या उत्तरेला टायबर नदीचं वरचं खोरं आहे, तिथे पेरूजा प्रांतात मोन्तोने नावाचं डोंगरावरचं छोटं गाव आहे. दहावी भारतीय डिव्हिजन जुलैमध्ये या खोऱ्यातून पुढे सरकत होती.

१० जुलैला मराठ्यांच्या एका कंपनीने शत्रूच्या मजबूत ठाण्यावर हल्ला चढवला. घाडगे यांचा सेक्शन पुढे होता. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. जर्मन मशीनगनचा वेग मिनिटाला बाराशे गोळ्यांच्या आसपास. काही क्षणांत सेक्शनमधला प्रत्येक जण ठार किंवा जखमी झाला. उभे राहिले एकटे घाडगे.

पुढचं २ नोव्हेंबर १९४४ च्या लंडन गॅझेटमध्ये नोंदवलेलं आहे. आपल्या शब्दांत सांगतो. सोबत यायला कोणी उरलेलं नाही हे माहीत असताना ते त्या मशीनगनवर धावून गेले. हातात टॉमी गन, धावता धावता गोळीबार. आधी ग्रेनेड टाकला, त्याने मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही निकामी झाले. मग तिथल्या एकाला गोळी घातली. तोवर मॅगझिन रिकामं झालं. बदलायला वेळ नव्हता. त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने उरलेल्या दोघांना ठार केलं. ठाणं हाती आलं. पण बाजूने टिपून मारणारे शत्रूचे नेमबाज होते. त्यांच्या गोळ्या घाडगे यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या. एकट्याने घेतलेल्या त्या ठाण्यातच ते गेले.

वय २२ वर्षं आणि जवळजवळ आठ महिने. हे सगळं वाचायला जेवढा वेळ लागला, घडायला बहुधा त्याहून कमी लागला असेल. एका माणसाची बावीस वर्षं, आणि जगाने टिपून ठेवली ती दोन मिनिटं.

त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हे ब्रिटिशांचं सर्वोच्च युद्धपदक. १८५६ साली सुरू झालं, पण भारतीय सैनिक त्याला पात्र ठरले १९११ नंतर. इटलीच्या मोहिमेत एकूण वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांपैकी सहा भारतीय सैन्याच्या जवानांना. घाडगे यांचं पदक व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हस्ते त्यांच्या विधवा पत्नीला देण्यात आलं.

याला धैर्य म्हणायचं का?

तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला! पण तत्त्वज्ञानाचं काम असंच असतं. जे उघड वाटतं तिथे थांबून विचारायचं.

सॉक्रेटिस स्वतः पायदळातला सैनिक होता, हे आपण विसरतो. पोटिडिया, डेलियम, ॲम्फिपोलिस इथल्या मोहिमांत तो लढला. प्लेटोचा 'लॅकीज' नावाचा संवाद धैर्यावरच आहे, आणि त्यात सॉक्रेटिसशी बोलणारे दोघे अथेन्सचे सेनापती आहेत, लॅकीज आणि निकियास. लॅकीजची व्याख्या साधी, शिपाईगडी माणसाची: जो आपली जागा सोडत नाही, पळत नाही, तो धैर्यवान. सॉक्रेटिस विचारतो, अरे, पण माघार घेत लढणाऱ्यांचं काय? आजारपणात, गरिबीत, समुद्रात जे धीर दाखवतात त्यांचं काय? मग लॅकीज म्हणतो, धैर्य म्हणजे मनाचा चिवटपणा. पण मूर्खाचाही चिवटपणा असतोच की! निकियास म्हणतो, धैर्य म्हणजे कशाला भ्यावं आणि कशाला भिऊ नये याचं ज्ञान. तेही शेवटी टिकत नाही. संवाद संपतो, उत्तर मिळत नाही. ज्यांनी आयुष्यभर लढाया केल्या त्यांनाही धैर्य म्हणजे काय ते सांगता येत नाही, एवढं मात्र कळतं.

ॲरिस्टॉटल पुढचं पाऊल टाकतो. तो म्हणतो, भित्रेपणा आणि अविचारी धाडस यांच्या मधली स्थिती म्हणजे धैर्य. मग तो धैर्यासारख्या दिसणाऱ्या, पण धैर्य नसलेल्या पाच गोष्टी सांगतो. पहिली, लोकलाजेने किंवा वरिष्ठांच्या धाकाने लढणं. दुसरी, अनुभवी व्यावसायिक सैनिकाचा सराईतपणा. तिसरी, संताप. चौथी, 'मला काही होत नाही' हा आशावाद. पाचवी, धोक्याचं अज्ञान. आपण ही पाचही मापं घाडगे यांच्या त्या दोन मिनिटांना लावून पाहू. घाईने नको, उलट क्रमाने जाऊ.

अज्ञान? मुळीच नाही. मशीनगन काय करते ते त्यांनी क्षणापूर्वी डोळ्यांनी पाहिलं होतं. आशावाद? सगळा सेक्शन आडवा झालेला असताना उरलेल्या एकट्याने वाचण्याची आशा कशाच्या जोरावर धरायची? वाचण्याची शक्यता फार थोडी होती, असं गॅझेटही नोंदवतं. सराईतपणा? ॲरिस्टॉटलचं एक तिखट निरीक्षण आहे. धोका आवाक्याबाहेर गेला की सराईत सैनिकच आधी पळतात, कारण त्यांना हिशोब कळतो. घाडगे यांनाही हिशोब कळला असणार. ते पळाले नाहीत. धाक? मागे उभा राहून हुकूम सोडणारा तिथे कोणी उरला नव्हता. तिथेच आडवं होऊन पडून राहिले असते तर कोणी नाव ठेवलं नसतं.

राहता राहिला संताप. हे माप जरा अवघड आहे. समोर आपली माणसं पडलेली, आणि हा माणूस धावत सुटतो. याला राग म्हणता येणार नाही का? येईल. पण कृतीचा क्रम बघा. आधी ग्रेनेड, कारण मशीनगन बंद पाडणं पहिलं काम. मग गोळी. मॅगझिन संपल्यावर दस्ता. आंधळ्या संतापात एवढा क्रम राहत नाही. शिवाय ॲरिस्टॉटलच म्हणतो की खऱ्या धैर्यालाही संतापाची साथ असते, फक्त कारण तो असता कामा नये.

मग कारण काय? ॲरिस्टॉटलच्या मते धैर्यवान माणूस कृती करतो ती उदात्त हेतूसाठी. आणि इथेच आमच्या त्या विद्यार्थ्याचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. हेतू कोणता? इंग्रजांचं साम्राज्य?

त्याच आठवड्यात

जुलै १९४४ चा तो आठवडा डोळ्यांसमोर आणा. ६ जुलैला रंगूनच्या रेडिओवरून सुभाषबाबू बोलले आणि त्यांनी गांधीजींना 'राष्ट्रपिता' म्हटलं. आझाद हिंद सेनेचे सैनिक इंफाळच्या आघाडीवर होते आणि त्यांच्या समोर ब्रिटिश-भारतीय सैन्यातले भारतीयच होते. इथून सव्वाशे किलोमीटरच्या आत, अहमदनगरच्या म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या किल्ल्यात पंडित नेहरू कैदेत होते आणि 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहीत होते. आदल्या वर्षी बंगालमध्ये लाखो माणसं दुष्काळाने मेली होती. सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं, आणि त्याच सातारा जिल्ह्यातून पलटणीत भरतीही होत होती. आणि आपलं हे शहर? ते निजामाच्या राज्यात होतं. इथल्या माणसाला तर इंग्रजांचं राज्य की निजामाचं, असा दुहेरी पेच.

३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारत युद्धात उतरल्याचं जाहीर केलं, ते इथल्या नेत्यांना न विचारता. त्या निषेधार्थ काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. म्हणजे हे युद्ध आपण निवडलेलं नव्हतं. दुसरीकडे मानवेंद्रनाथ रॉय म्हणत होते की हिटलर जिंकला तर स्वातंत्र्याची भाषाच संपेल, म्हणून फॅसिझमविरुद्धच्या युद्धाला पाठिंबा द्या. आपले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी रॉय यांच्याबरोबर होते. सावरकर वेगळ्या कारणाने हिंदूंना सैन्यात जा म्हणत होते. डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. देशातली सर्वांत बुद्धिमान माणसं एकमेकांच्या विरुद्ध दिशांना तोंड करून उभी होती, आणि आपण पळसगावच्या एका तरुणाला विचारतो की तू बरोबर बाजू का निवडली नाहीस!

१९३९ ला भारतीय सैन्य दोन लाखांच्या आसपास होतं, १९४५ पर्यंत ते पंचवीस लाखांवर गेलं. सक्तीची भरती नव्हती. सुमारे ८७ हजार माणसं परत आली नाहीत. एकट्या इटलीत ५,७८२. या प्रत्येकाने साम्राज्यासाठी प्राण दिले म्हणणं जितकं खोटं, तितकंच प्रत्येकाने भारतमातेसाठी दिले म्हणणंही खोटं.

मग घाडगे धावले ते कोणासाठी? आम्हाला असं वाटतं की यात तीन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. ते सुटे केले की गाठ सुटते.

पहिला प्रश्न: हे युद्ध कोणाचं होतं आणि न्याय्य होतं का? हा प्रश्न सरकारांना विचारायचा. नाझी राजवटीविरुद्धचं युद्ध न्याय्य होतं, आणि ते लढणारं साम्राज्य भारतावर अन्याय करत होतं. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत.

दुसरा प्रश्न: हा माणूस सैन्यात का गेला? याचं उत्तर त्याच्या घरात, त्याच्या शेतात आणि त्याच्या गावच्या रीतीत आहे.

तिसरा प्रश्न: त्या दोन मिनिटांत त्याने जे केलं ते का केलं? इथे साम्राज्यही नाही आणि पगारही नाही. पगारासाठी कोणी मशीनगनवर धावत नाही. पगार घ्यायला जिवंत राहावं लागतं. तिथे काय होतं? उतारावर पडलेली त्याची माणसं होती, त्यातली काही जखमी, म्हणजे जिवंत. मागून चढत येणारी कंपनी होती, आणखी शंभर एक जण, बहुतेक त्याच्याच भाषेचे. ती मशीनगन चालू राहिली असती तर त्यांचं काय झालं असतं, हे नाइकाला सांगावं लागत नाही. ज्यांची जबाबदारी त्याच्यावर होती ते त्याच्या डोळ्यांसमोर होते. कर्तव्य हा शब्द मागच्या व्याख्यानांत आपल्याला हवेत वाटत होता ना? तो इथे जमिनीवर येतो. कर्तव्य बहुतेक वेळा देश, धर्म, साम्राज्य असल्या मोठ्या नावांशी जोडून सांगतात. प्रत्यक्षात ते हाताच्या अंतरावर असतं आणि त्याला चेहरे असतात.

इथे एक सावधगिरी हवी. घाडगे यांच्या मनात काय होतं हे आपण कृतीवरून अनुमानाने सांगतो. गॅझेटचा मजकूर त्यांनी लिहिलेला नाही, त्यांच्या अधिकाऱ्यांच्या अहवालावरून तो तयार झाला, आणि पदकाच्या भाषेला गौरवाचं वळण असतंच. म्हणून अनुमान धुरावरून अग्नीचं असावं तेवढंच करावं, वर नक्षी काढू नये.

ज्यांची नावं आपण घेत नाही

आता एक अप्रिय गोष्ट बोलू. त्या ठाण्यात चार जर्मन मेले. दोघे बंदुकीच्या दस्त्याने. आपल्या भाषणांत, शाळेच्या कार्यक्रमांत हा भाग आपण टाळ्या घेऊन सांगतो. थोडं थांबावं. तेही कोणाचे तरी मुलगे होते आणि बहुधा याच वयाचे. हिटलरचं सरकार दुष्ट होतं म्हणून त्यांच्या आयांचं दुःख खोटं ठरत नाही.

आपल्या महाभारताला हे कळलं होतं. तरुण, एकट्याने लढून मेलेला वीर म्हटलं की आपल्याला अभिमन्यू आठवतो, आणि इथे ती आठवण योग्यच आहे. पण महाभारत अभिमन्यूपाशी थांबत नाही, विजयापाशीही थांबत नाही. युद्ध संपल्यावर स्त्रीपर्व येतं. गांधारी रणभूमीवर उभी राहून एकेका प्रेताकडे बघते आणि दोन्ही बाजूंसाठी रडते. पदकं सांगायला आपल्याला आवडतं. पण पदक घ्यायला उभी राहिलेली तरुण विधवा आपल्या गोष्टीत एका ओळीत संपते. आम्हीही मघाशी एका ओळीतच संपवली, लक्षात आलं का?

दुसरं उदाहरण याच रेजिमेंटचं. ९ एप्रिल १९४५, इटलीतलीच सेनियो नदी. पहिल्या बटालियनचे शिपाई नामदेव जाधव, आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या निमजचे. त्यांनी गोळीबारात दोन जखमी साथीदारांना सुरक्षित जागी पोहोचवलं, मग परत जाऊन शत्रूच्या मशीनगन बंद पाडल्या. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते वाचले आणि १९८४ पर्यंत जगले. दोघांच्या कृतीत धैर्य सारखंच. एकाला पुढे चार दशकं मिळाली, दुसऱ्याला चार मिनिटंही नाही. धैर्याचा आणि फळाचा संबंध नाही, हे यापेक्षा स्पष्ट कसं सांगणार?

यशवंत घाडगे यांची स्वतंत्र समाधी नाही. इटलीतल्या कासिनो इथल्या स्मारकावर चार हजारांहून अधिक सैनिकांची नावं आहेत, ज्यांची कबर कुठे आहे ते माहीत नाही अशांची. त्यांत त्यांचं नाव कोरलेलं आहे. माणगावला तहसील कार्यालयापाशी त्यांचं स्मारक आहे. आणि जुलै २०२३ मध्ये मोन्तोने गावाने त्यांच्या नावाचं एक स्मारक उभारलं. ते सूर्यघड्याळाच्या रूपात आहे. त्यावर लॅटिनमध्ये बोधवाक्य आहे, अर्थ असा की आपण सगळे एकाच सूर्याखाली आहोत. ज्या गावाच्या डोंगरात हा परका तरुण पडला, त्या गावाने जवळजवळ ऐंशी वर्षांनी त्याची आठवण ठेवली, आणि तीही अशा शब्दांत की ज्यांत त्या चार जर्मनांनाही जागा आहे.

श्रोत्यांचे प्रश्न

*एक श्रोते: सर, पैसे घेऊन परक्यासाठी लढला तो भाडोत्रीच ना?*

भाडोत्री शब्द जपून वापरू या. भाडोत्री सैनिक जास्त पैसे देणाऱ्याकडे जातो आणि हरायची वेळ आली की निघून जातो. घाडगे यांची हरायचीच वेळ होती. निघून जायला मागे उतार मोकळा होता. शिवाय मोबदला घेतल्याने काम हीन होत असेल तर आम्हीही अडतीस वर्षं पगार घेऊनच तत्त्वज्ञान शिकवलं!

*एक श्रोत्या: मग त्या जर्मन सैनिकालाही शूर म्हणायचं का?*

चांगला प्रश्न. त्याने जाणूनबुजून, आपल्या साथीदारांसाठी जीव धोक्यात घातला असेल तर त्या कृतीत धैर्य होतं, असं म्हणावं लागेल. धैर्य एखाद्या बाजूची मालमत्ता नाही. पण धैर्याने बाजू न्याय्य ठरत नाही. हाच नियम आपल्यालाही लागू. घाडगे शूर होते म्हणून साम्राज्य चांगलं ठरत नाही, आणि साम्राज्य वाईट होतं म्हणून घाडगे लहान ठरत नाहीत.

*तेच श्रोते: आणि त्या विद्यार्थ्याला काय उत्तर द्याल?*

तो आता पन्नाशीच्या पुढे असेल. हे कुठे ऐकत असेल तर त्याला सांगतो: बाबा रे, त्या दिवशी आम्ही घड्याळाकडे पाहिलं, ते चुकलं. तुझे आजोबा इंग्रजांच्या नोकरीत होते, हे खरं. ते शूर असतील तर तेही तितकंच खरं. गावाने तुला दोहोंतलं एक निवडायला सांगितलं. निवडायची गरज नाही. नोकरी सरकारची होती, धैर्य त्यांचं स्वतःचं होतं. ते त्यांनी कोणालाच विकलं नव्हतं.

पुढच्या व्याख्यानात आपण याच धाग्याने 'निष्ठा' या शब्दाकडे जाऊ. तोपर्यंत तुमच्या गावात एखादा वीरगळ असेल, पलटणीत गेलेल्यांच्या नावांची पाटी असेल, तर एकदा जाऊन ती नावं वाचून या.